हजेरी घेणारे खेळ आणि आपला समुद्र

मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. त्यात चालू असलेल्या खेळाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पालकसभेत विषय निघतो तो 'किती तास खेळतो' एवढाच. वर्तमानपत्रात बातमी येते ती बंदीची, नाहीतर कोणीतरी पैसे घालवल्याची. याच कोकण मुलखात जत्रेला रात्रभर दशावतार बघून पहाटे घरी परतणारी माणसं वाटेवर आख्यानाची चिरफाड करतात. राजाचं काम चढलं का, युद्ध उगाच लांबलं का, पखवाज कुठे कमी पडला, सगळं बोलून होतं. ही नजर त्यांना कोणी शाळेत शिकवलेली नाही, बघून बघून आलेली आहे. ती व्हिडिओ गेमकडे वळत नाही, कारण गेम ही बघून जोखायची गोष्ट आहे हेच आपण अजून मान्य केलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. चांगला गेम आणि वाईट गेम यांतला फरक आपल्याला सांगता येत नाही, तोवर बंदी, वेळेची मर्यादा, मोबाइल काढून घेणं हे सगळे उपाय अंदाजपंचेच राहणार. गेल्या तीन-चार वर्षांतले निरनिराळ्या जातींचे खेळ मी खेळत आले आहे, आणि मला एक कसोटी फार उपयोगी पडते. खेळ तुमच्याकडे लक्ष मागतो की हजेरी? लक्ष मागणारा खेळ तुमच्यापुढे काहीतरी अवघड, सुंदर किंवा भीतिदायक ठेवतो, आणि तुम्ही उठून गेलात तर तुमची वाट बघतो. हजेरी घेणारा खेळ रोज बोलावतो. आलात तर बक्षीस. नाही आलात तर सलग दिवसांची साखळी तुटली, मोसम संपला, तो पोशाख आता पुन्हा मिळणार नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या आणि त्यांच्या आडोशाला पोरं मांडी घालून बीजीएमआय हा चकमकीचा मोबाइल गेम खेळत बसलेली, हे मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत दिसेल. त्यांच्या शेजारी बसून नीट बघा. सामना चालू असताना ती पोरं विलक्षण सावध असतात. खेळायची जागा आवळत नेणारं वर्तुळ, कानात ऐकू येणाऱ्या पावलांची दिशा, 'डावीकडच्या घरात एक आसा' अशी कुजबुज, पडलेल्या सोबत्याला उठवायला धावणारा एक आणि त्याला आड देणारे दोघे. हा भाग उत्तम रचलेला आहे. त्याला नुसती ठोकाठोकी म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेला नाही.

मग सामना संपतो, आणि पडद्यावर एकामागून एक खिडक्या उघडू लागतात. आजचं बक्षीस घ्या, ही पेटी उघडा, या पोशाखाची मुदत संपत आली. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि ती उघडायला लागणारं खेळातलं चलन, म्हणजे युसी, खऱ्या रुपयांनी विकत घ्यावं लागतं. आत एक चांगला खेळ आहे आणि त्याच्या चारही बाजूंनी दुकान उभं केलेलं आहे. आपल्या चर्चेत हे दोन कधीच वेगळे केले गेले नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. जुलै २०२१ मध्ये तो खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या सगळ्या ये-जा मध्ये पेट्यांना कोणी हात लावला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली. रमी गेली, पैशांचं फँटसी क्रिकेट गेलं. हे व्हायलाच हवं होतं. पण या कायद्यावर जी चर्चा झाली तीत रंगीत पोशाखाची पेटी जवळजवळ आलीच नाही. पैसे परत मिळण्याची आशा असेल तर तो जुगार, आणि पैसे फक्त जाणार असतील तर ती करमणूक, असा काहीसा समज आपल्या मनात बसलेला दिसतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पेटी उघडतानाचा तो क्षण आणि पत्ता उलटतानाचा क्षण यांत मला काही फरक दिसत नाही.

गोंधळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बलाट्रो' नावाचा पत्त्यांचा खेळ आला. कॅनडातल्या एकाच माणसाने, लोकलथंक या टोपणनावाने, तो बनवला. पोकरसारखे हात, म्हणजे पत्त्यांचे ठरावीक गट, मांडायचे, पण समोर प्रतिस्पर्धी नाही आणि पैसेही लावायचे नाहीत. गुणांचं एक लक्ष्य गाठायचं. गंमत आहे ती जोकरांत. दीडशे जोकर आहेत आणि प्रत्येक जण एखादा नियम वाकवतो. एक जोकर हाताशी आला की पाचऐवजी चारच पत्त्यांत फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाच्या पत्त्यांचा हात, होतो. दुसरा आला की प्रत्येक पत्ता चित्राचा समजला जातो. हे दोन-तीन वाकवलेले नियम एकमेकांत कसे अडकवायचे, इथे सगळं डोकं लागतं. युरोपात खेळांना वयोगट ठरवून देणाऱ्या पेगी या संस्थेने, खेळ आल्यावर काही दिवसांतच, याच खेळाला अठरा वर्षांवरच्यांचा शिक्का मारला, कारण काय, तर तो पोकरचे हात शिकवतो. त्याच वेळी पैसे देऊन खेळाडूंच्या बंद पुड्या फोडायला लावणाऱ्या फुटबॉलच्या खेळाला तीन वर्षांवरच्या मुलांसाठीचा शिक्का होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बलाट्रो'चं वय बारावर आणलं गेलं. गणपतीत रात्री पत्त्यांचे डाव मांडून जागरण करणाऱ्या आपल्या घरांना पत्ते आणि जुगार यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तिथल्या तज्ज्ञांना तो समजायला जवळजवळ एक वर्ष लागलं.

'बलाट्रो'त खोट नाही असं मी म्हणणार नाही. एक फेरी संपली की दुसरी इतकी चटकन सुरू होते की उठायचं ठरवायला वेगळा निग्रह लागतो. पण तो उद्या बोलावत नाही. महिनाभर उघडला नाही तरी तुमचं काही बुडत नाही, आणि एकदा विकत घेतला की पुन्हा एक पैसा मागत नाही.

आता समुद्राकडे येते, कारण इथे मला बोलण्यासारखं जास्त आहे. युबिसॉफ्टचा 'स्कल अँड बोन्स' फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. २०१३ च्या 'असॅसिन्स क्रीड: ब्लॅक फ्लॅग' मधल्या जहाजांच्या लढाया लोकांना आवडल्या होत्या, त्यातून त्याची कल्पना निघाली. २०१७ मध्ये तो जाहीर झाला आणि मग पुढेच ढकलला जात राहिला. कंपनीचे प्रमुख ईव्ह गिल्मो यांनी त्याला 'क्वाड्रपल ए', म्हणजे सर्वांत मोठ्या खेळांच्याही वरच्या, दर्जाचा म्हटलं. विषय सतराव्या शतकातली चाचेगिरी आणि समुद्र आपला, हिंदी महासागर. मी तो याच ओढीने घेतला. लाटा सुंदर आहेत, शीड भरलं की जहाज अंगावर आल्यासारखं वाटतं, खलाशी गाणी म्हणतात. पण समोरचं जहाज जेरीस आणून त्यावर चढायची वेळ आली, की खेळ एक छोटा देखावा दाखवतो आणि लूट तुमच्या हातावर ठेवतो. उडी तुम्ही मारत नाही, तलवार तुम्ही उपसत नाही. लाकूड हवं असेल तर जहाज किनाऱ्यालगत न्यायचं आणि एका पट्टीवर सरकणारी खूण योग्य जागी आली की बटण दाबायचं. झाड जहाजावरूनच तोडून होतं. किनाऱ्यावर उतरायचं ते ठरावीक बंदरांत आणि बेटांवर, आणि तिथेही करायला फारसं काही नाही. समुद्रावरच्या खेळात समुद्र आणि जमीन यांची गाठच पडत नाही.

सुरुवातीच्या नकाशात आफ्रिकेचा किनारा आहे, पूर्वेकडची बेटं आहेत. आपला किनारा नाही. ज्या काळात आणि ज्या पाण्यावर इंग्रज, डच, पोर्तुगीज, सिद्दी आणि मराठे एकमेकांची जहाजं अडवत होते, ते पाणी वगळून हिंदी महासागर रंगवला आहे. हे मला टोचलं ते अभिमानापेक्षा खेळाच्या दृष्टीने. खेळाचे उत्तम नियम इथे तयार पडले होते आणि बनवणाऱ्यांनी ते उचललेच नाहीत. ते कोणते, त्याकडे येतेच.

त्याआधी एका लहानशा खेळाबद्दल. न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा 'ड्रेज' मार्च २०२३ मध्ये आला. तुम्ही कोळी आहात, बोट फुटली आहे, एका परक्या बंदराने तुम्हाला दुसरी बोट दिली आहे आणि तिचं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे. बोटीचा मासळी ठेवायचा कप्पा म्हणजे चौकोनांची जाळी. प्रत्येक माशाचा आकार वेगळा, त्यामुळे ईल कुठे वाकवून बसवायचा आणि मोठ्या माशासाठी जागा कशी राखायची याचा विचार गळ टाकण्याआधीच सुरू होतो. इंजिन, दिवे, जाळी यांनाही त्याच बोटीत जागा लागते. मासे जास्त हवेत की दिवा मोठा हवा? मासळी फार वेळ बोटीत राहिली तर नासते. आणि वेळ पुढे सरकतो तो तुम्ही बोट हाकता किंवा मासे पकडता तेव्हाच. थांबून विचार करायला पूर्ण मोकळीक. मग अंधार पडतो, धुकं येतं, मन बिथरतं आणि जिथे खडक नव्हता तिथे खडक दिसू लागतो. जाळ्यात विद्रूप मासे येतात, ते विकले तर जास्त पैसे मिळतात, आणि तुम्ही ते विकता.

हा खेळ मी आमच्या वाडीतल्या एका वयस्कर तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. रात्र पडली तसे पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "रात्रीचो एकटोच खय चललो ह्यो?" पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता. "आणि भरती-सुकती खय आसा ह्येच्यात?" परदेशी परीक्षणांत 'ड्रेज'वर कितीतरी वाचलं, पण हा दोष कोणी काढलेला मला आढळला नाही. खरंच, त्या समुद्राला ओहोटी नाही. कुठलीही जेट्टी कुठल्याही वेळी गाठता येते. भीती, कर्ज, नासणारी मासळी हे सगळं ज्याला इतकं नेमकं जमलं, त्या खेळातून समुद्राचा पहिला नियमच सुटला आहे. तरीही तो मला 'स्कल अँड बोन्स'पेक्षा शंभर पटीने खरा वाटतो. त्याने थोड्याच गोष्टी घेतल्या आणि त्या एकमेकींना घट्ट बांधल्या. आणि तांडेलाचा प्रश्न ही माझ्या लेखी समीक्षाच आहे. ज्याला विषय कळतो त्याच्यापुढे खेळ ठेवला की दोन मिनिटांत मुद्द्याला हात लागतो.

कोरियाचा 'डेव्ह द डायव्हर' जून २०२३ चा. दिवसा पाण्यात उतरून मासे मारायचे, रात्री त्यांचंच सुशीचं हॉटेल चालवायचं. पहिले काही तास निखळ आनंद आहे. नंतर शेती, मत्स्यपालन, पाण्याखालचं गाव, निरोप, कामं, आणखी कामं असं लादत जातं आणि समुद्र बाजूला राहतो.

मोठ्या कंपन्यांना हे लादणंच भोवतं आहे. सप्टेंबर २०२३ चा 'स्टारफिल्ड' हजारावर ग्रह देतो. त्यांतल्या बहुतेकांवर उतरून चालत राहावं तर तेच कारखाने, तीच पोकळ जमीन. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला मागे घेतला गेला, लोकांचे पैसे परत करावे लागले. वर्षानुवर्षं हजेरी घेण्यासाठी उभारलेल्या खेळात पहिल्याच दिवशी पुरेशी माणसं आली नाहीत. उलट, फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या एका नव्या, लहान गटाने एप्रिल २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्सक्युअर: एक्सपिडिशन ३३' आणला. दरवर्षी दूरच्या खांबावर एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विरून जातात. निरोप द्यायला गाव बंदरावर जमतं, गळ्यात फुलं घालून. आळीपाळीने वार करायची जुनी पद्धत त्यांनी ठेवली, पण शत्रूचा घाव नेमक्या क्षणी परतवायला लावून खेळणाऱ्याला एक क्षणही सैल होऊ दिलं नाही. माझी तक्रार शेवटच्या भागाबद्दल आहे. तिथे कथा गाठ सोडवायच्या घाईत असते आणि बाकीचं जग मोकळं पडतं. पण त्या वर्षातलं सगळ्यांत धीट लिखाण मला यातच सापडलं.

अवघडपणाबद्दलही एक बोलायला हवं, कारण 'कठीण म्हणजे चांगला' हा नवा गैरसमज पसरतो आहे. ऑस्ट्रेलियाच्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५ मध्ये आला. हाताने रेखाटलेलं ते किड्यांचं राज्य पाहतच राहावं असं आहे, आणि नायिका हॉर्नेटच्या हालचालींत नाचाची लय आहे. पण काही ठिकाणी मोठ्या शत्रूकडून हरल्यावर तोच लांब रस्ता पुन्हा तुडवत त्याच्यापर्यंत जावं लागतं. त्या चालण्यात शिकण्यासारखं काही नसतं. शत्रूशी झुंजताना लागतं ते लक्ष, हे पायपिटीचं ओझं मात्र फुकटचं. इतक्या चांगल्या कलावंतांनी ते ठेवायला नको होतं.

जुन्या चिनी पुराणकथेवरचा 'ब्लॅक मिथ: वुकाँग' ऑगस्ट २०२४ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे लगेच सूर निघाला, आपल्या पुराणांवर असं का होत नाही? वुकाँगचं यश खरं आहे. त्यांनी शान्शी प्रांतातली खरी मंदिरं, खऱ्या मूर्ती बारकाईने खेळात उतरवल्या, आणि लोक ती बघायला त्या प्रांतात जाऊ लागले. पण खेळ म्हणून तो एकामागून एक राक्षसांची रांग आहे, आणि जंगलात मोकळी वाट दिसते तिथे न दिसणाऱ्या भिंतीला डोकं आपटतं. आपण त्याच्याकडून शिकायचं ते मंदिरांबद्दलचा बारकावा, पुराणाचं कातडं पांघरणं नव्हे.

कारण ते कातडं आपण आधीच पांघरून पाहिलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. देखणा खेळ, राजस्थानी महाल, पहाडी शैलीचे रंग, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या देवांच्या गोष्टी. मराठी माणसांच्या शहरातून असा खेळ निघाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातली लढाई लवकर एकसुरी होते आणि शेवट मध्येच तुटल्यासारखा येतो. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. भारतीय ढंगाचं भविष्यातलं जग, चिलखतांवर आपली नक्षी. उतरायचं, बंदूक शोधायची, वर्तुळ आवळायचं, हे सगळं मात्र बाहेरून आणलेलं. नक्षी बदलली तरी खेळणाऱ्याची बोटं तेच करत राहतात.

कोकणात राहून खेळ जोखायला आणखी एक निकष लागतो, तो मोठ्या शहरातल्या परीक्षणांत सापडत नाही. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते इथे सगळ्यांना आठवतं. कित्येक गावांत वीज आणि मोबाइलची रेंज दिवसचे दिवस नव्हती, आणि साध्या पावसाळ्यातही नेटवर्क जातंच. 'स्कल अँड बोन्स' एकट्याने खेळायलासुद्धा सतत इंटरनेट मागतो. 'ड्रेज', 'बलाट्रो', 'सिल्कसाँग' बॅटरी आहे तोवर चालतात. त्यापुढचा प्रश्न मालकीचा आहे. युबिसॉफ्टनेच मार्च २०२४ च्या शेवटी 'द क्रू' या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या घरात निकामी झाला. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि तिने दहा लाखांवर सह्या जमवल्या. आपल्या ग्राहक संघटनांनी हा विषय हातात घ्यायला हवा.

आणि आता ते तयार पडलेले नियम. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. इंग्रजांच्या कागदांत ते चाचे. प्रत्यक्षात ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देऊन समुद्रावरचा अधिकार सांगणारे. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, असे इंग्रजांचे हल्ले त्यांच्या काळात फसले. यातून एखादा खेळ काढायचा तर पहिली इच्छा होईल ती कान्होजींना तलवार देऊन शंभर गोरे कापायला लावायची. तो खेळ वाईटच होईल. गंमत आहे ती गुराब आणि गलबत यांच्या जोडीत. गुराब उथळ बुडाची, पुढच्या तोंडाशी तोफा. गलबत हलकं, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की मोठं इंग्रजी जहाज जागीच अडकतं, तेव्हा गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेतात, कारण त्याच्या तोफा बाजूंना आहेत. आधी डोलकाठ्या आणि दोर फोडायचे, मग चढायचं. वारा, खोली, भरती आणि माणसांचं बळ या चार गोष्टींचा हिशेब मांडला की खेळ उभा राहतो. दस्तक मागायचं की जहाज सोडून द्यायचं, हा वेगळा पेच. पावसाळ्यात जहाजं खाडीत ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, हा वर्षाचा ताल.

एवढं करायला शेकडो माणसं आणि कोट्यवधी रुपये लागत नाहीत. 'बलाट्रो' एकाने केला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांनी पहिली आवृत्ती वाघोटणच्या खाडीपुरतीच ठेवावी. मुखाशी विजयदुर्ग आहे, आत आंग्र्यांच्या काळची गोदी आहे, आणि खाडीत कुठे रेती साठते, सुकतीला किती पाणी उरतं हे सांगणारे तांडेल काठावरच्या गावांत आजही आहेत. पडद्यावर पहिली रेघ ओढण्याआधी त्यांच्याकडे जावं, आणि अर्धवट का होईना, खेळ उभा राहिला की तो सगळ्यांत आधी त्यांनाच खेळायला द्यावा.